पहाटे दव पडले की पॉलिमर इन्सुलेटर तडतडतो: दोष थेंबांचा की पृष्ठभागाचा?

पॉलिमर इन्सुलेटर म्हणजे विजेची तार टॉवरला वीज न जाऊ देता धरून ठेवणारा दांडा: आत काचतंतूंचा कोर रॉड, त्यावर रबराचे आवरण म्हणजे शीथ, शीथवर रबराच्या छत्र्या म्हणजे शेड आणि दोन्ही टोकांना धातूचे एंड फिटिंग. दिवसा कोरड्या हवेत तो गप्प असतो. पहाटे दव किंवा धुके पडले की लाइनच्या बाजूने तडतड सुरू होते, अंधारात एंड फिटिंगपाशी निळसर-जांभळे ठिपके चमकतात आणि ऊन वर आले की सगळे थांबते. काही ठिकाणी नेमक्या याच वेळेला लाइन ट्रिप होते, ऑटो-रिक्लोज (लाइन आपोआप पुन्हा चालू होणे) यशस्वी होतो आणि नंतरच्या गस्तीत काहीच सापडत नाही. मग इन्सुलेटर धुतले जातात, काही आठवडे बरे जातात आणि दमट हवा आली की पहिले पाढे पंचावन्न.

त्रास पुन्हा पुन्हा उलटतो, कारण 'ओला इन्सुलेटर तडतडतो' या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे दोष दडलेले असतात. पहिल्यात इन्सुलेटरचा पृष्ठभाग चांगला असतो, त्यावर पाणी थेंबाथेंबांनीच उभे राहते, पण ज्या जागी ते थेंब आहेत तिथे विद्युत क्षेत्र गरजेपेक्षा जास्त असते. दुसऱ्यात पृष्ठभागाने पाणी झटकण्याचा गुण गमावलेला असतो. थेंब पसरून पाण्याचा पापुद्रा होतो आणि त्यातून लीकेज करंट (पृष्ठभागावरून अर्थकडे झिरपणारा करंट) वाहतो. पहिल्यावर उपाय कोरोना रिंग (टोकाभोवतीचे विद्युत क्षेत्र सौम्य करणारे धातूचे वलय) आणि हार्डवेअरचा, दुसऱ्यावर स्वच्छता, क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी) किंवा बदलीचा. पहिल्या दोषावर दुसऱ्याचा उपाय केला तर पैसा आणि आउटेज दोन्ही वाया जातात. म्हणून पाण्याचा पाइप उचलण्याआधी निदान झाले पाहिजे.

एक थेंब काय करतो

सिलिकॉन रबरवर स्वच्छ पाणी अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन बसते. थेंबाची कड पृष्ठभागाशी साधारण १०० ते ११० अंशांचा कोन करते. थेंब सुटे राहिले म्हणजे पाण्याचा सलग रस्ता तयार होत नाही आणि लीकेज करंट मायक्रोअँपिअरमध्येच राहतो. पोर्सेलीनच्या तुलनेत पॉलिमरचा हाच मोठा फायदा. पण या फायद्याला एक किंमत आहे.

पाण्याची सापेक्ष परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचे माप) सुमारे ८०, सिलिकॉन रबरची ३ ते ४, हवेची १. शिवाय ५० हर्ट्झला थेंब जवळजवळ धातूच्या गोळीसारखा वागतो. हिशेब करून बघा: १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी इतक्या शुद्ध पाण्यातही वाहक करंट (पाण्यातून प्रत्यक्ष वाहणारा) हा विस्थापन करंटच्या (नुसत्या बदलत्या क्षेत्रामुळे होणाऱ्या) सुमारे ४५० पट भरतो. त्यामुळे 'पावसाचे पाणी शुद्ध असते, त्याने काय होणार' हा युक्तिवाद कोरोनाच्या (जास्त क्षेत्रामुळे हवा आयनित होऊन पडणाऱ्या बारीक ठिणग्यांच्या) बाबतीत टिकत नाही. पाण्याचा खारेपणा पुढे ड्राय बँडच्या (ओल्या पापुद्र्यात पडणाऱ्या कोरड्या पट्ट्याच्या) आर्कमध्ये महत्त्वाचा ठरतो, थेंबाच्या कोरोनात मात्र त्याचा वाटा फार कमी.

धातूची गोळी एकसारख्या क्षेत्रात ठेवली तर तिच्या टोकांपाशी क्षेत्र ३ पट होते. थेंब मात्र गोल राहत नाही. विद्युत बल व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ते सेकंदाला १०० वेळा थेंबाला ताणते आणि सोडते. थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो. लांबी जाडीच्या दुप्पट झाली की टोकाचे क्षेत्र मूळच्या सुमारे ५.८ पट होते. शेजारी दुसरा थेंब असेल तर दोघांमधल्या फटीत ते आणखी चढते. पाणी, हवा आणि रबर जिथे एकत्र येतात ती थेंबाची कड हीच सर्वांत नाजूक जागा.

इन्सुलेटर निवडताना वापरली जाणारी मर्यादा यातून उलगडते. कोरड्या अवस्थेत मोजलेले किंवा संगणकावर काढलेले शीथच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र सलग १० मिमीपेक्षा जास्त लांबीवर ०.४२ किलोव्होल्ट प्रति मिमी (आरएमएस, म्हणजे प्रभावी मूल्य) च्या वर जाऊ नये, असा हा निकष आहे. ०.४२ ला ५.८ ने गुणले की सुमारे २.४ किलोव्होल्ट प्रति मिमी आरएमएस, म्हणजे शिखरमूल्य ३.४ च्या घरात. हवा साधारण ३ किलोव्होल्ट प्रति मिमी शिखरमूल्याला आयनित होऊ लागते. म्हणजे ही मर्यादा 'थेंब पडले तरी कोरोना अगदीच उंबरठ्यावर राहील' अशा बेताने बांधलेली आहे, तिच्यात फार ढील नाही. समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ असते, तिथे हा उंबरठा दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी खाली येतो.

थेंबाचा आकारही धरा. मोठा थेंब जास्त ताणला जातो, म्हणून कमी व्होल्टेजला पेटतो. दवाचे बारीक थेंब एकेकटे निरुपद्रवी असतात, पण रात्रभर ते एकमेकांत मिसळत मोठे होतात. त्यामुळे आवाज बहुधा मध्यरात्री नाही, पहाटे वाढतो.

थेंबांचा पापुद्रा कसा होतो

दोन्ही दोष वेगळे असले तरी पहिला दुर्लक्षित राहिला तर तो दुसऱ्याला जन्म देतो. कोरोनाच्या ठिणगीत ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ओलाव्यात त्यांचे नायट्रिक आम्ल होते. सिलिकॉनच्या साखळीवरचे मिथाइल गट ठिणगीच्या माऱ्याने तुटतात, त्यांच्या जागी पाण्याला ओढणारे हायड्रॉक्सिल गट येतात. थेंबाच्या कडेची तेवढी जागा ओलसर होते, थेंब तिथे पसरतो, शेजारच्या थेंबाला मिळतो, आणि आता ठिणगी नव्या कडेवर पेटते. असे करत ओला पट्टा वाढत जातो.

सिलिकॉन रबरची खासियत अशी की ठिणगी थांबली तर आतले कमी रेणुभाराचे सिलोक्झेन हळूहळू वर झिरपतात आणि पाणी झटकण्याचा गुण परत येतो. काही तासांत ते काही दिवसांत. थंडीत जास्त वेळ लागतो. ईपीडीएम या दुसऱ्या प्रकारच्या रबरला ही सोय जवळजवळ नाही. पण रोज पहाटे ठिणगी पडत राहिली तर दुरुस्तीपेक्षा नुकसान पुढे धावते. पृष्ठभागावर सिलिकासारखा कडक, पांढुरका थर जमतो, त्याला बारीक चिरा जातात आणि आतून येणाऱ्या सिलोक्झेनची वाटही अडते.

एकदा सलग पापुद्रा झाला की खेळ करंटचा होतो. पापुद्र्यातून मिलिअँपिअरमध्ये करंट वाहतो, जिथे पृष्ठभागाचा घेर सर्वांत कमी, म्हणजे दोन शेडच्या मधल्या शीथवर, तिथे करंटची घनता जास्त असते आणि पाणी आधी आटते. त्या कोरड्या पट्ट्यावर जवळपास सगळे व्होल्टेज येऊन आर्क पेटतो. कोरोना निळसर आणि मंद असतो, ड्राय बँडचा आर्क पिवळा-नारिंगी, जागा बदलणारा आणि फटफटणारा. रबरात मिसळलेले अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेट साधारण २०० ते २२० अंश सेल्सिअसला आपल्यातले पाणी सोडून तापमान आवरते, पण ते काही अमर्याद नसते. ते संपलेल्या जागी रबर खाल्ले जाते.

शीथ खाल्ली जाऊन कोर रॉड उघडा पडणे किंवा एंड फिटिंगचे सील उघडणे ही खरी भीतीची गोष्ट. काचतंतूंच्या रॉडला ओलावा आणि आम्ल मिळाले की ताणाखाली तंतू एकामागून एक तुटत जातात आणि नेहमीच्या भारालाच रॉड दोन तुकडे होऊन वाहक खाली येतो. अशा ठिसूळ भंगाची खूण म्हणजे दांड्याला काटकोनात असलेला गुळगुळीत, करवतीने कापल्यासारखा भाग. बोरॉनविरहित, आम्लरोधी काचेचे रॉड याला बरेच दाद देत नाहीत. साध्या (आम्लरोधी नसलेल्या) ई-ग्लासचे रॉड असलेले जुने इन्सुलेटर जिथे आहेत तिथे लाइनच्या टोकाची (इन्सुलेटरच्या वाहकाकडच्या बाजूची) तडतड कधीही 'चालायचेच' म्हणून सोडू नये.

पाहणी: वेळ चुकली तर सगळे चुकले

दुपारी केलेल्या पाहणीत हा दोष दिसणार नाही. निरभ्र, वारा नसलेली रात्र निवडा. अशा रात्री शेडची पातळ पाती आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात, त्यामुळे हवेतली सापेक्ष आर्द्रता १०० टक्के नसतानाही त्यांच्यावर दव धरते. सूर्योदयाच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास पाहणीसाठी धरा. तापमान, आर्द्रता, वारा आणि शेवटचा चांगला पाऊस केव्हा झाला हे नोंदीत लिहा. मुसळधार पावसातली तडतड फार काही सांगत नाही, दवातली सांगते. दव शेडच्या खालच्या बाजूलाही धरते आणि पावसाप्रमाणे मळ धुऊन नेत नाही.

अतिनील कॅमेरा, म्हणजे २४० ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहणारा कोरोना कॅमेरा, सर्वांत उपयोगी. त्याचा गेन आणि इन्सुलेटरपासूनचे अंतर दर वेळी तेच ठेवा. अंतर वाढले की फोटॉनची संख्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे वेगवेगळ्या अंतरावरचे आकडे एकमेकांशी ताडून काढलेला निष्कर्ष फोल असतो. आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची: ठिणगी धातूच्या फिटिंगवर आहे, रिंगवर आहे, की रबराच्या पृष्ठभागावर? रिंगवरची ठिणगी आवाज आणि रेडिओ अडथळा करते, रबरावरची इन्सुलेटर खाते.

त्यानंतर त्याच ठिकाणी कोरड्या दिवशी पुन्हा जा. हा दुसरा फेरा बहुतेक जण टाळतात आणि अर्धे निदान तिथेच हुकते. कोरड्या हवेतही रबराच्या पृष्ठभागावर किंवा सीलपाशी ठिणगी दिसली तर ती थेंबांची नाही. रिंग नसणे, चुकीची बसणे, शीथ फाटणे किंवा कोर उघडा पडणे यांपैकी काहीतरी झालेले आहे आणि काम तातडीचे आहे.

इन्फ्रारेड कॅमेरा वेगळ्या कामाचा. थेंबांचा कोरोना त्याला सहसा दिसत नाही, कारण त्यात उष्णता फारच थोडी असते. पण रॉडच्या आत ट्रॅकिंग (ठिणग्यांनी कोळशासारखी वाहक रेघ पडणे) सुरू असेल किंवा आत ओलावा शिरला असेल तर शेजारच्या भागापेक्षा काही अंश गरम असलेला पट्टा दिसतो. हे चित्रण रात्री किंवा ढगाळ हवेत, वारा नसताना करा, उन्हात तापलेली शेड दिशाभूल करते. जुन्या रबराने शोषलेल्या ओलाव्यामुळेही दमट हवेत लाइनच्या टोकाला थोडी ऊब दिसू शकते. म्हणून संशयास्पद इन्सुलेटर कोरड्या हवेत पुन्हा बघा: ऊब गेली तर ती पृष्ठभागाची, राहिली तर आतली.

फवारा चाचणी

पृष्ठभाग पाणी किती झटकतो हे ही चाचणी दाखवते. आउटेज, परमिट आणि दोन्ही बाजूंचे अर्थिंग झाल्याशिवाय ती करू नये. चालू लाइनवर ती फक्त त्यासाठीच्या हॉट स्टिक (चालू लाइन हाताळायच्या इन्सुलेटेड काठ्या) उपकरणांनी आणि त्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी करायची असते.

लागते ती साधी बारीक फवारा देणारी हातबाटली आणि साबण किंवा कुठलेही रसायन नसलेले नळाचे पाणी. ५० ते १०० चौरस सेंमीचा भाग निवडा, सुमारे २५ सेंमी अंतरावरून सेकंदाला एक या गतीने २० ते ३० फवारे मारा आणि शेवटच्या फवाऱ्यानंतर १० सेकंदांच्या आत निरीक्षण करा, फोटो घ्या. उशीर केला तर थेंब वाहून एकत्र होतात आणि वर्ग चुकतो. आयईसी ६२०७३ या आंतरराष्ट्रीय मानकामधली फवारा पद्धत हीच.

वर्ग १ ते ७. पहिल्यात सगळे थेंब सुटे आणि जवळजवळ गोल, मागे सरकणारा कोन (पाणी ओसरताना थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो) बहुसंख्य थेंबांचा ८० अंश किंवा जास्त. दुसऱ्यात थेंब सुटेच, पण कोन ५० ते ८० अंशांत. तिसऱ्यात कोन २० ते ५० अंशांवर येतो आणि थेंब वेडेवाकडे होतात. चौथ्यापासून पूर्ण ओले डाग दिसू लागतात, पण एकेक डाग २ चौरस सेंमीपेक्षा लहान. पाचव्यात त्याहून मोठे डाग, मात्र एकूण ओली जागा ९० टक्क्यांच्या आत. सहाव्यात ९० टक्क्यांच्या वर, सातव्यात सलग पापुद्रा.

एका इन्सुलेटरला एकच वर्ग देऊन मोकळे होऊ नका. लाइनच्या टोकाची पहिली दोन शेड, मधले एखादे आणि अर्थच्या टोकाचे एक, प्रत्येकाची वरची बाजू, खालची बाजू आणि शेजारची शीथ, शिवाय उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू, असे वेगवेगळे लिहा. निदान आकड्यात नाही, आकडे कुठे कुठे बदलतात त्या नकाशात आहे.

दुसरी गोष्ट, चाचणी मळ पुसण्याआधी करा. सिलिकॉनमधले सिलोक्झेन मळाच्या थरातही झिरपतात आणि त्या थरालाच पाणी झटकायला लावतात. वरून काळाकुट्ट दिसणारा इन्सुलेटर वर्ग २ मध्ये असू शकतो आणि दिसायला स्वच्छ असलेला वर्ग ६ मध्ये. पहिला तसाच राहू द्यावा. तो धुतल्याने सध्या काम करणारा थर निघून जातो आणि पुढचे काही दिवस इन्सुलेटर आधीपेक्षा कमजोर होतो.

नकाशा वाचणे

लाइनच्या टोकाची एक-दोन शेड आणि त्यांच्यामधली शीथ वर्ग ५-६, बाकी संपूर्ण लांबी वर्ग १-२, असे चित्र असेल तर दोष क्षेत्राचा आहे. इन्सुलेटरवरच्या व्होल्टेजचा मोठा वाटा लाइनच्या टोकाच्या थोड्याशा लांबीवर पडतो, तिथेच थेंब पेटतात. धुण्याने याला काही फरक पडणार नाही.

संपूर्ण लांबीवर, किंवा वाऱ्याच्या एकाच बाजूला वरपासून खालपर्यंत वर्ग ५ ते ७ असेल तर दोष पृष्ठभागाचा आहे. क्षार, सिमेंटची धूळ, रासायनिक धूर किंवा रबराचेच वय. दवात ट्रिपिंग होत असेल तर ते बहुधा या गटातले.

मधेच एखाद्या जागी ओला डाग, आजूबाजूला सगळे ठीक, असे असेल तर जुन्या फ्लॅशओव्हरचा (पृष्ठभागावरून टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या आर्कचा) भाजलेला पट्टा, पक्ष्यांची विष्ठा किंवा चोचीने पाडलेली भोके, वाहतुकीत बसलेला काप हे तपासा.

व्होल्टेजचा वर्गही लक्षात घ्या. ११ ते ३३ केव्हीच्या लाइनवर थेंबांचा कोरोना होण्याइतके क्षेत्र क्वचितच असते, तिथे तक्रार आली की आधी मळ, क्रीपेज आणि रबराचा दर्जा पाहावा. २२० केव्ही आणि वर रिंग जवळजवळ नेहमीच लागते. मधला, ११० ते १४५ केव्हीचा पट्टा फसवा आहे. इथे अनेकदा रिंगशिवायच इन्सुलेटर बसवलेले असतात आणि शीथवरचे क्षेत्र मर्यादेच्या आसपास घुटमळत असते.

क्षेत्राचा दोष: रिंग आणि हार्डवेअर

सगळ्यात आधी आहे ती रिंग नीट बसली आहे का ते पाहा. उलटी बसलेली रिंग ही सर्वांत जास्त सापडणारी आणि खालून दुर्बिणीने सहज पकडता येणारी चूक. रिंगचे वलय एंड फिटिंगच्या शेडकडच्या बाजूला, सीलच्या पातळीवर किंवा थोडे शेडकडे सरकलेले हवे. ते वाहकाकडे तोंड करून बसले तर हार्डवेअर झाकले जाते आणि ज्या जागेसाठी रिंग असते ती रबर-धातू-हवेची सांधजागा उघडीच राहते. वलय तिरके झालेले, दोन अर्ध्या रिंगांमध्ये फट राहिलेली, बोल्ट ढिला, किंवा अर्थच्या टोकाची लहान रिंग लाइनच्या टोकाला लावलेली, हेही तपासा. दुसऱ्या उत्पादकाची किंवा दुसऱ्या मॉडेलची रिंग 'बसते म्हणून' लावू नये. वलयाचा व्यास, नळीची जाडी आणि सीलपासूनचे अंतर हे तिन्ही त्या फिटिंगसाठी ठरवलेले असतात.

रिंग बरोबर असूनही पहिल्या शेडवर थेंब पेटत असतील तर उत्पादकाकडून क्षेत्राची त्रिमितीय गणना मागवा. तिच्यात टॉवरचा आर्म, वाहक, क्लॅम्प आणि शेजारचे फेज धरलेले हवेत, नुसत्या इन्सुलेटरची गणना उपयोगाची नाही. बंडल वाहक (एका फेजच्या एकत्र बांधलेल्या तारा) टोकाला थोडा आडोसा देतो, एकेरी वाहकावर तोच इन्सुलेटर जास्त ताण सोसतो. सस्पेन्शनसाठी केलेली गणना टेन्शन स्ट्रिंगला लावू नये. टेन्शनमध्ये शीथ आडवी असते, तिच्या खालच्या कडेला थेंब लोंबकळत राहतात. नव्या गणनेत ०.४२ ची मर्यादा १० मिमीपेक्षा जास्त लांबीवर ओलांडली जात असेल तर मोठी रिंग किंवा वेगळा इन्सुलेटर, याला तिसरा पर्याय नाही.

रिंग दुरुस्त केल्यावर काही आठवड्यांनी तीच शेड पुन्हा फवारून बघा. वर्ग ५ वरून ३ किंवा २ वर आला तर रबर वाचले. तसाच राहिला आणि पृष्ठभाग पांढुरका, खडबडीत असेल तर सिलिकाचा थर जमला आहे, तो इन्सुलेटर बदलाच्या यादीत टाका.

पृष्ठभागाचा दोष: धुणे, क्रीपेज, लेप

वर्ग ५ ते ७ आणि मळाचा थर असेल तर धुणे योग्य. कमी वाहकतेचे पाणी, मऊ कापड, चिकट मळासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. तारेचा ब्रश, घासणारी पावडर, पेट्रोल-रॉकेलसारखी द्रावके वर्ज्य: पहिली दोन रबर खरवडतात, द्रावके ते फुगवतात. सिलिकॉन रबरवर सिलिकॉन ग्रीस लावण्याची सवयही सोडावी, त्यातले तेल रबरात मुरते आणि रबर फुगते. उच्च दाबाचा झोत उत्पादकाची लेखी परवानगी असेल तरच, आणि एंड फिटिंगच्या सीलवर रोखून कधीच नाही. झोताने सील उचलले गेले तर मळापेक्षा कितीतरी मोठा दोष आपणच तयार करतो.

धुतल्यानंतर लगेच घेतलेली फवारा चाचणी वाईट येते, कारण घासण्यात वरचे सिलोक्झेन निघून गेलेले असतात. किमान २४ ते ४८ तास जाऊ द्या, मग पुन्हा घ्या. तेव्हाही वर्ग ६-७ असेल तर रबराचा साठा संपत आला आहे.

धुऊनही ट्रिपिंग परत येत असेल तर क्रीपेजचा हिशेब उघडा. इथे नेहमी होणारा घोटाळा सांगतो. जुनी पद्धत फेज-फेज व्होल्टेजवर मोजायची, आयईसी ६०८१५ ची २००८ पासूनची पद्धत फेज-अर्थ व्होल्टेजवर मोजते. जड प्रदूषणासाठी जुना आकडा २५ मिमी प्रति केव्ही, नवा ४३.३. दोन्हींतून उत्तर एकच येते: १४५ केव्ही कमाल व्होल्टेजला २५ × १४५ म्हणजे ३६२५ मिमी, आणि १४५ ÷ १.७३२ म्हणजे ८३.७ केव्ही, त्याला ४३.३ ने गुणले तरी ३६२५ च्या आसपास. पण २५ हा आकडा फेज-अर्थ व्होल्टेजला लावला की इन्सुलेटर जेमतेम ५८ टक्के क्रीपेजचा येतो आणि पहिल्याच दमट मोसमात उघडा पडतो. अतिजड प्रदूषणासाठी नवा आकडा ५३.७, म्हणजे याच व्होल्टेजला सुमारे ४४९५ मिमी. '१३२ केव्ही' हे नाममात्र व्होल्टेज धरून केलेला हिशेबही अपुरा पडतो, कमाल १४५ धरावे.

खोलीच्या तापमानालाच घट्ट होणारा सिलिकॉनचा लेप पोर्सेलीन आणि काचेवर फार चांगले काम करतो. खाल्ल्या गेलेल्या पॉलिमर शीथवर मात्र तो लावू नये. बाहेरून सगळे ठीकठाक दिसते आणि आत ओलावा शिरलेला रॉड पुढच्या पाहणीत कुणाला दिसत नाही.

थांबू नये अशा खुणा

यांपैकी एकही दिसली तर पुढच्या वार्षिक आउटेजची वाट पाहू नका: कोर रॉड दिसणे, शीथला आरपार भोक किंवा फाट, एंड फिटिंगचे सील उचललेले किंवा तिथून गंजाचा ओघळ, शीथवर कोळशासारखी काळी, फांद्या फुटलेली ट्रॅकिंगची रेघ, कोरड्या हवेत टिकणारा गरम पट्टा. अशा इन्सुलेटरजवळ चालू लाइनवर काम करण्याचा निर्णयही घेऊ नये. रॉड किती उरला आहे हे बाहेरून कळत नाही आणि माणसे खाली असतात. वरवरच्या बारीक चिरा, रंग उडणे, खडूसारखी पावडर यांना घाई नाही, पण नोंद आणि फोटो हवेत, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

सबस्टेशनमधले पॉलिमर बुशिंग, सर्ज अरेस्टर आणि केबल टर्मिनेशन यांना हेच सगळे लागू, एक फरक धरून. अरेस्टर आणि टर्मिनेशनमध्ये बाहेरचा ओला पृष्ठभाग आतल्या क्षेत्राचीही वाटणी बदलतो, त्यामुळे बाहेरच्या ड्राय बँडचे नुकसान आत उमटू शकते. टर्मिनेशनवर ठिणगी बहुधा स्ट्रेस कोनच्या (केबलच्या टोकाशी क्षेत्र सौम्य करणाऱ्या भागाच्या) टोकाच्या जागी दिसते, लाइनच्या टोकाला नाही. तिथे तसे दिसले तर दवाला दोष देण्याआधी स्ट्रेस कोन मापाप्रमाणे बसला आहे का ते जोडणीच्या नोंदीतून तपासा.

काढलेला इन्सुलेटर भंगारात टाकू नका. लाइनचे टोक कोणते, वरची बाजू कोणती, वारा कुठून येत होता हे खडूने नाही, बांधलेल्या पट्टीवर लिहा आणि फिटिंग न कापता, पृष्ठभाग न पुसता गुंडाळून प्रयोगशाळेत पाठवा. तिथे मागायच्या दोन चाचण्या आयईसी ६२२१७ मधल्या. रंग शिरण्याच्या चाचणीत रॉडसह कापलेल्या १० मिमीच्या चकत्या १ टक्का फुक्सिनच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात उभ्या ठेवतात. १५ मिनिटांच्या आत रंग वरच्या बाजूला आला तर रॉडमध्ये किंवा रॉड आणि शीथच्या सांध्यात फट आहे. पाण्याच्या विसरणाच्या चाचणीत ३० मिमीचे तुकडे ०.१ टक्के मीठ असलेल्या पाण्यात १०० तास उकळतात आणि मग १२ केव्ही १ मिनिट लावतात, करंट १ मिलिअँपिअरच्या आत राहायला हवा. दोन्हीत उत्तीर्ण झाला तर त्याच खेपेतले लाइनवर राहिलेले इन्सुलेटर रिंग बदलून वाचवता येतील. नापास झाला तर ती खेप आणि बसवलेल्या सर्व जागा यांची यादी काढून त्याच मोसमात बदलीला घ्यावी, आणि सुरुवात रस्ता, रेल्वे व वस्तीवरून जाणाऱ्या गाळ्यांपासून (दोन टॉवरमधल्या तारांच्या टप्प्यांपासून) करावी.